विकत घेतलेले अभय

रयतेकडून सारा घेणाऱ्या राजाने रक्षणाचे काम मोबदला देऊन परक्या सत्तेकडे सोपविले आणि त्या सत्तेने ते चोख बजावले, तर राजधर्म पाळला गेला असे म्हणावे काय? युरोप आणि आशिया येथील राष्ट्रांच्या संबंधांचा हिशेब बहुधा व्यापाराच्या उलाढालीवर आणि सैन्याच्या संख्येवर मांडला जातो. पण त्या संबंधांच्या मुळाशी हा धर्मविचाराचा प्रश्न आहे, आणि तो विचारण्यास बीडसारखा अधिकारी जिल्हा क्वचितच आढळेल, कारण येथील रयतेने दीडशे वर्षे त्या व्यवहाराची किंमत मोजली आहे.

गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठी, राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवरावांनी निजामअलीच्या फौजेचा मोड केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तेथेच पडला, आणि पैलतीरी गेलेल्या निजामाला दुथडी भरलेल्या नदीमुळे त्याच्या मदतीस येता आले नाही. तो निकाल दख्खनच्याच दोन सत्तांनी आपसांत लावला. तथापि त्याच्या दहा वर्षे आधी, १७५३ मध्ये, तेव्हाचा निजाम सलाबतजंग याने बुसी या सेनानीच्या फ्रेंच पलटणींच्या पगारासाठी पूर्व किनाऱ्यावरील उत्तर सरकारांचा मुलूख लावून दिला होता, म्हणजे फौजेच्या मोबदल्यात भूमी देण्याची वहिवाट हैदराबादच्या दरबारात इंग्रजांच्याही आधी पडली होती. ११ मार्च १७९५ रोजी, बीडच्या सीमेलगतच्या खर्ड्याच्या रणात, निजामाकडे रेमंड आणि मराठ्यांकडे पेरॉन या फ्रेंच सेनानींच्या हाताखालील कवायती पलटणी उभ्या होत्या. आणि ज्या इंग्रजांच्या मैत्रीवर निजामाची भिस्त होती, त्यांचा गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने तटस्थ राहणे पसंत केले.

इतका अनुभव पदरी असताना १ सप्टेंबर १७९८ रोजी निजामअलीने त्याच इंग्रजांशी तह केला. सहा पलटणींची तैनाती फौज, तिच्यासाठी सालिना २४,१७,१०० रुपये, आणि फ्रेंचांच्या शिकवणीखालील फौजेची बरखास्ती, ही त्यातील मुख्य कलमे होत. ऑक्टोबर १८०० च्या तहाने फौज वाढली, आणि रोख रकमेऐवजी म्हैसूरच्या दोन युद्धांत निजामाच्या वाट्यास आलेला बल्लारी-कडप्पाकडील सर्व मुलूख इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली झाला. शिवाय कंपनीला न कळविता इतर कोणत्याही सत्तेशी बोलणे लावावयाचे नाही, असे बंधन आले. मला हे बंधन पैशांच्या आकड्यापेक्षा भारी वाटते, कारण खजिना रिता झाला तर तो पुन्हा भरता येतो, परंतु कोणाशी मैत्री आणि कोणाशी वैर करावयाचे हा विवेक एकदा दुसऱ्याच्या स्वाधीन केला म्हणजे राज्याचा प्राणच गहाण पडतो. पुण्याच्या दरबाराने तरी वेगळे काय केले? ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईत दुसऱ्या बाजीरावाने २६ लक्षांच्या मुलखाच्या बदल्यात तेच पदरात घेतले.

१८०० च्या तहात आणखी एक कलम होते: युद्धप्रसंगी निजामाने ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ कंपनीच्या मदतीस द्यावे. या प्रसंगोपात्त जबाबदारीतून पुढे शांततेच्या काळातही बारमाही पोसावयाची, इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीतील ‘कंटिन्जंट’ फौज उभी राहिली. अंबाजोगाईस तेव्हा मोमिनाबाद म्हणत. तेथे या फौजेच्या रिसाल्याची छावणी होती, आणि योगेश्वरीच्या नगरीत निजामाच्या खर्चाने निजामाच्या हुकमाबाहेरचे घोडे बांधले जात होते. पगार थकू नयेत म्हणून हैदराबादच्या पामर कंपनीकडून जबर व्याजाने कर्ज काढले गेले. ते फेडण्यासाठी १८२३ मध्ये उत्तर सरकारांबद्दल कंपनीकडून दरसाल येणारी सात लक्षांची पेशकश कायमची सोडून द्यावी लागली. आणि तरीही थकबाकी वाढतच राहिल्याने मे १८५३ मध्ये वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब इंग्रजांकडे गेले. दरम्यान निजामाचा मंत्री चंदुलाल याच्या कारभारात महालांचे महसूल इजाऱ्याने दिले जात, आणि इजारदार आपली भरपाई कुणब्याच्या खळ्यावरून करून घेई.

आता धर्मशास्त्र काय सांगते ते पाहावे. राजाला मिळणारा धान्याचा षड्भाग हे रक्षणाचे वेतन होय, आणि रक्षण न करता जो तो घेतो तो प्रजेच्या पापाचा वाटेकरी होतो, असे मनूचे मत आहे. यावर राजनीतीचा जाणकार म्हणेल की कौटिल्याने षाड्गुण्यात ‘संश्रय’ सांगितलाच आहे. दुर्बलाने बलवंताचा आश्रय करावा, त्यात अधर्म कसला? हा आक्षेप पोकळ नाही. पुणे, श्रीरंगपट्टण आणि फ्रेंच यांच्या कैचीत सापडलेल्या निजामअलीला दुसरा कोणता मार्ग मोकळा होता हे सांगणे सोपे नाही, आणि त्या तहांनी त्याची गादी दीडशे वर्षे टिकविली हेही खरे. परंतु कौटिल्याचा संश्रय हा बळ पुन्हा जमेपर्यंतचा मुक्काम आहे; तैनाती फौजेच्या व्यवस्थेत ते बळ पुन्हा जमण्याची वाटच बुजविलेली असते.

आणि याहून खोल हानी आतली आहे. ज्याचे सिंहासन परक्या संगिनींवर टेकले आहे, त्याला आपल्या रयतेच्या असंतोषाची धास्ती उरत नाही. म्हणून राजा आणि प्रजा यांना परस्परांशी बांधणारे कर्तव्याचे सूत्रच तुटते. हे केवळ आपल्याकडच्यांचे गाऱ्हाणे नव्हे. खुद्द कंपनीच्या सेवेतील सर टॉमस मन्रो याने १८१७ मध्ये गव्हर्नर जनरलला लिहिलेल्या पत्रात, ही व्यवस्था देशी राज्यकारभार दुबळा आणि जुलमी करते, असे स्पष्ट बजाविले होते.

अंबाजोगाईलगतच्या दरीत मुकुंदराजांची समाधी श्रद्धेने पूजिली जाते. शके १११० मध्ये रचल्या गेलेल्या ‘विवेकसिंधू’चा विषय अद्वैत आहे, आणि जेथे दुसरेपणाची भावना आहे तेथेच भय आहे, हा उपनिषदांचा सिद्धांत त्या परंपरेचा पाया आहे. राज्ये द्वैताच्याच जगात नांदतात, तेव्हा मुमुक्षूचे अभय त्यांना लाभणार नाही हे मी जाणतो. तरीही गीतेने दैवी संपत्तीच्या गणनेत अभयाला पहिले स्थान दिले, ते अंतःकरणाचा गुण म्हणून दिले. असा गुण कलमे घालून आणि हप्ते बांधून दुसऱ्याकडून घेता येत नाही, आणि जे तसे घेता येते ते केवळ लांबणीवर टाकलेले भय असते. १९१८ मध्ये निजामाला ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र’ हा किताब मिळाला. ऑगस्ट १९४७ मध्ये इंग्रजांची सार्वभौम सत्ता संपली, तेव्हा त्या मित्रासाठी कोणी धावून आले नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे केलेल्या फिर्यादीनेही काही साधले नाही, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी त्याने शरणागती पत्करली. याउलट अंबाजोगाईच्याच योगेश्वरी विद्यालयात शिकविणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांच्या पाठीशी कोणत्याही छावणीचे बळ नव्हते, पण या प्रांतातील सामान्य माणसाच्या मनातील धाक त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घालविला.

आज पारडी फिरली आहेत. १९४९ पासून पश्चिम युरोपच आपल्या रक्षणासाठी अमेरिकेकडे पाहत आला आहे, आणि युरोपीय राष्ट्रे भारताशी बरोबरीच्या नात्याने बोलणी करीत आहेत. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिख्टेनश्टाइन यांच्याशी १० मार्च २०२४ रोजी, तर ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी व्यापाराचे करार झाले. देवघेव वाढावी, मैत्री व्हावी, यात मला काहीच गैर दिसत नाही. एकलकोंडेपणा हा काही स्वधर्म नव्हे. परंतु १७९८, १८०० आणि १८५३ च्या तहांची किंमत ज्याने भरली, त्या बीडच्या कुणब्याला एकदाही विचारले गेले नव्हते, आणि आज त्याच्या हाती मताधिकार असूनही परराष्ट्रांशी होणाऱ्या तहाला संसदेची संमती घेणे आपल्या राज्यघटनेने बंधनकारक केलेले नाही. ही उणीव दूर व्हावी, प्रत्येक तहनामा मंजुरीपूर्वी संसदेत कलमवार चर्चिला जावा, आणि तो लोकांच्या भाषेत त्यांच्या हाती पडावा, अशी मागणी वाचकांनी आपापल्या खासदाराकडे लेखी करावी, ही माझी त्यांना विनंती आहे.