वाटणी आणि गैरहजर भाऊ

एकत्र कुटुंबाची वाटणी होते तेव्हा जो भाऊ त्या दिवशी घरी नसतो, त्याचा हिस्सा बाजूला काढून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पंच बसतात, भांडी मोजली जातात, शेतात नवा बांध पडतो. आणि मुंबईच्या गिरणीत असलेल्या धाकट्याचे काय, हा प्रश्न कोणीतरी म्हातारे माणूस विचारतेच. तो विचारला गेला नाही तर वाटणी कागदावर पुरी होईल, पण गाव तिला न्याय म्हणणार नाही. राज्ये आणि राज्यसंघ मोडतात तेव्हा हा प्रश्न कोणी विचारायचा, याविषयी येथे थोडा विचार करावा असे आम्ही योजले आहे.

किल्लारी हे नाव महाराष्ट्राला माहीत झाले ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने. परंतु आमच्या या भागाने जमीन हलण्याचा अनुभव त्यापूर्वी निराळ्या अर्थाने घेतला होता. किल्लारी, औसा, निलंगा, उदगीर हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यच मोडले. मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, कन्नड जिल्हे म्हैसूरकडे आणि तेलुगू जिल्हे आंध्र प्रदेशाकडे गेले. बीदर जिल्ह्याची तर चिरफाड झाली: निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके इकडे, बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद तिकडे. किल्लारीतला माणूस सकाळी उठला तेव्हा त्याचे घर, विहीर, बैल सर्व जागच्या जागी होते. बदलली होती ती राजधानी, आणि सोयऱ्याच्या गावाचे राज्य.

हे मोडणे आम्हांला हवे होते, हे आधीच सांगितलेले बरे. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली ज्यांनी निजामाशी झुंज दिली, त्यांना आपल्या भाषेचे राज्य हवे होते, आणि मराठवाडा महाराष्ट्रात आला तो कोणतीही अट न घालता. तेव्हा संघ मोडणे हे मुळातच पाप, असे म्हणणारा हा लेख नव्हे. एखाद्या समाजाला एकत्र राहण्याचा जसा अधिकार आहे, तसा वेगळे होण्याचाही आहे. आमचा प्रश्न त्या पुढचा आहे. वाटणीच्या दिवशी आमचेही काही भाऊ बाहेर होते.

उस्मानिया विद्यापीठात शिकणारी मराठवाड्याची मुले, हैदराबादच्या कचेऱ्यांतील कारकून, तेथील उच्च न्यायालयात वकिली करणारे, सुलतान बाजारात दुकान थाटलेले. हे लोक परदेशी गेले नव्हते. ते आपल्याच राज्याच्या राजधानीत गेले होते. भालकीला किंवा कल्याणीला दिलेल्या मुली तर केवळ सासरी गेल्या होत्या. सोयरीक काही सीमा पाहून होत नाही.

यांच्यापैकी कोणाची सोय झाली? सरकारी नोकरांची झाली. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमाने नोकरवर्गाची विभागणी ठरविली आणि त्यांच्या सेवेच्या अटी केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून त्यांच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येणार नाहीत, असे बंधन घातले. सरकार आपल्या कारकुनाला विसरले नाही, हे चांगलेच झाले. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावे असा अनुच्छेद ३५० अ आला, आणि त्यावर लक्ष ठेवण्यास विशेष अधिकारी नेमण्याचा ३५० ब आला. तरतूद होती, पण भालकीच्या सुनेच्या शेताचे महसुली कागद पुढे कन्नडमध्ये आले, ते तिला कोणाकडून तरी वाचून घ्यावे लागले. अशा हानीला कोणत्याही कायद्यात कलम नसते.

सर्वांत विचित्र गत झाली ती 'मुलकी' माणसाची. निजामाच्या काळापासून हैदराबाद राज्यात नोकरीला मुलकी, म्हणजे त्या मुलखाचा, असावे लागे; बाहेरून आलेल्याने पंधरा वर्षे राहून तो दर्जा मिळवावयाचा. किल्लारीचा मुलगा जन्माने मुलकी होता. १९५७ च्या कायद्याने नोकरीसाठीच्या रहिवासाच्या अटी देशभर रद्द केल्या, मात्र तेलंगणासह काही भाग अपवाद ठेवले. आणि १९५९ च्या नियमांनी तेलंगणा भागातील सरकारी नोकरीसाठी तेथे सलग पंधरा वर्षे राहण्याची अट घातली. म्हणजे ज्या शहराला किल्लारीने आपली राजधानी म्हटले होते, त्याच शहरात किल्लारीचा मुलगा परका झाला. तो कोठेही गेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद १९६९ मध्ये रद्द ठरविली, पण नोकरी शोधणाऱ्याचे वय दहा वर्षे थांबून राहत नाही.

तरीही आमच्यावर एक मोठे छप्पर शाबूत होते. राज्य बदलले, नागरिकत्व बदलले नाही. हैदराबादच्या मराठी दुकानदाराला 'मला येथे राहू द्या' असा अर्ज कोणाकडे करावा लागला नाही. हे वरचे छप्परच निघाले तर काय होते, हे पाहावयाचे असेल तर आमच्या गोव्याच्या बंधूंकडे वळावे लागते.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. १९६२ च्या मार्चमध्ये भारत सरकारने नागरिकत्वाचा जो आदेश काढला, त्यात त्या भूमीत जन्मलेले व त्यांची मुले-नातवंडे भारताचे नागरिक मानली गेली. ज्याला पोर्तुगीज राहावयाचे असेल त्याने महिन्याभरात तसे जाहीर करावयाचे. जो काही बोलला नाही, तो आपला. ही रीत वाटणीच्या जुन्या रीतीजवळची आहे: गैरहजेरी म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे.

जो बोलला, त्याचे मात्र कठीण झाले. मोन्सिन्योर मोंतेरो या गोमंतकीय धर्मगुरूंनी पोर्तुगीज नागरिकत्व राखले. मग जन्मभूमीत राहण्यासाठी त्यांना परकीयाचा परवाना लागू लागला, तो त्यांनी पुढे मागितला नाही, आणि त्यांच्यावर खटला झाला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. कायद्याने ते योग्य असेल. परंतु जेथे जन्म झाला, जेथे उपासना केली, तेथे राहण्यास परवाना मागावयाचा, ही गोष्ट त्या वृद्ध मनाला कशी वाटली असेल, हे आम्हांला कळते.

पुढे ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. पण १९६१ पूर्वी तेथे जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या वंशजांचा पोर्तुगीज नागरिकत्वावरील हक्क पोर्तुगालच्या कायद्यात टिकून राहिला. (वसईचा किल्ला १७३९ मध्येच पडल्याने तेथील आमच्या समाजाच्या वाट्याला पोर्तुगीज आडनावे आली, पासपोर्ट आला नाही.) या हक्कावर अनेक गोमंतकीय कुटुंबे युरोपात गेली, आणि लिस्बनला न थांबता इंग्लंडात, विशेषतः स्विंडन शहरात, स्थिरावली. युरोपीय संघाचा नागरिक संघात कोठेही काम करू शकत होता. भारत दुहेरी नागरिकत्व मानीत नाही, म्हणून त्यांनी भारतीय पासपोर्ट सोडला.

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनने संघ सोडण्याचा कौल दिला. त्या मतदानात एक विलक्षण गोष्ट होती. राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये राहणारा भारतीय मत देऊ शकत होता. त्याच्याच शेजारी राहणारा, पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला गोमंतकीय देऊ शकत नव्हता. ज्याचे घर पणाला लागले होते त्यालाच पंचांत जागा नव्हती.

३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडला. आधीपासून राहणाऱ्यांना राहू देण्याचे करारात ठरले होते, पण ब्रिटनमध्ये त्यासाठी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करावयाचा होता. पाच वर्षे पुरी झालेल्यांना कायमचा दर्जा, इतरांना तात्पुरता, आणि तात्पुरत्याने पुढे पुन्हा अर्ज करावयाचा. येथे मौनाचा अर्थ उलटा झाला: जो बोलला नाही, तो गेला. याउलट पोर्तुगालने आपल्या भूमीवरील ब्रिटिशांचा हक्क अर्जावर टांगला नाही. हक्क आपोआप राहिला, कार्ड हा केवळ त्याचा पुरावा. दोन्ही देश एकाच कराराने बांधलेले होते. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता, असे कोणी म्हणू नये.

याला एक उत्तर दिले जाते, आणि ते हलके नाही. कायदे बदलतात हे ठाऊक असूनच माणूस बाहेर पडतो. धोका त्याचा, मग तक्रार कशाची? आम्हांला वाटते, येथे आशा आणि जगलेला हक्क यांतला भेद विसरला जातो. उद्या हैदराबादला जाईन असे मनात म्हणणाऱ्याची निराशा झाली तर राज्य त्याचे देणे लागत नाही. परंतु जो कायद्याच्या शब्दावर गेला, तेथे भाडे भरले, कर भरला, मुले शाळेत घातली, त्याने राज्याच्या वचनात आपली वर्षे गुंतविली. मालमत्ता आणि कर्ज लोकसंख्येच्या प्रमाणात वाटता येते. गेलेली वर्षे कोणत्या प्रमाणात परत करणार? ती परत करता येत नाहीत, म्हणूनच ती ज्या हक्काच्या भरवशावर खर्च झाली तो हक्क अर्जाची कृपा होऊ शकत नाही. पोप तेविसावे योहान यांनी १९६३ च्या 'पाचेम इन तेरिस' या परिपत्रकात स्थलांतराचा हक्क माणसाच्या हक्कांत गणला, तो माणूस कोणत्याही राष्ट्राचा होण्यापूर्वी मानवकुटुंबाचा आहे या आधारावर. या तत्त्वाने सीमा पुसल्या जात नाहीत. पुराव्याचे ओझे मात्र कोणाच्या खांद्यावर टाकावयाचे ते ठरते, आणि ते मोडणाऱ्याच्या खांद्यावर पडते.

लंडनच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये जवळपास याच दिशेने निकाल दिला: केवळ दुसरा अर्ज केला नाही एवढ्यावरून एखाद्याचा करारातील राहण्याचा हक्क संपत नाही. पहिल्या अर्जाची अट तशीच राहिली.

बाहेरगावी असलेल्या ब्रिटिशांचीही एक बाजू आहे. पंधरा वर्षांहून अधिक काळ परदेशी राहिलेल्या ब्रिटिश नागरिकाला २०१६ च्या त्या कौलात मत नव्हते. हैदराबादमध्ये पंधरा वर्षे राहून माणूस आपला होई, आणि इंग्लंडबाहेर पंधरा वर्षे राहून परका. ती मर्यादा जानेवारी २०२४ पासून उठविण्यात आली. तोपर्यंत वाटणी होऊन चार वर्षे झाली होती.