मुलाला दिसणारा धोका

७ मार्च २०२५ रोजी पंतप्रधान एकाच दिवशी सिल्वासात आणि सुरतेच्या लिंबायतमध्ये होते. सिल्वासात त्यांनी वाढत्या स्थूलतेची काळजी बोलून दाखवली, घरातले तेल दहा टक्क्यांनी कमी करा असे सांगितले. लिंबायतमध्ये अन्नसुरक्षेची मोहीम सुरू झाली. एकीकडे पोट जास्त भरते याची चिंता, दुसरीकडे ते पुरेसे भरत नाही याची. दोन्ही चिंता खऱ्या आहेत. पण तेव्हापासून लहान मुलांच्या आरोग्याबद्दल जे बोलले जाते आहे, त्यात ताटातून पोटात काय गेले एवढाच हिशेब उरला आहे. मूल दिवसभरात किती हलते आणि कोणत्या जमिनीवर हलते, हा प्रश्न ‘मुलांनी खेळले पाहिजे’ या एका वाक्यावर मिटतो. ते वाक्य कोणीच नाकारत नाही. तीन वर्षांच्या मुलाने खेळायचे कुठे आणि त्याला जपायचे कशापासून, यावर मात्र कोणी बोलत नाही.

हा प्रश्न फक्त गुबगुबीत मुलांचा आहे, हा समज तर घातकच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील खेड्यांत जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. पण वजनात एवढा फरक असूनही आपल्या बाळांच्या त्वचेखालची चरबी फारशी कमी नव्हती. तूट होती ती मुख्यतः स्नायूंची. म्हणजे काटकुळ्या मुलालाही धावण्या-चढण्याची गरज आहे, आणि ती पोटभर अन्नाच्या जोडीला आहे. लिंबायतच्या मुलाला खाऊ द्या आणि सुरतेच्याच सधन वेसूच्या मुलाला व्यायाम द्या, अशी वाटणी होऊ शकत नाही.

लिंबायत, डिंडोली, उधना या भागांत जळगाव-धुळे-नंदुरबारहून आलेली मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. लूमच्या खात्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. रातपाळी संपवून बाप सकाळी घरी येतो आणि झोपतो. घर म्हणजे बहुधा एकच खोली. तिथेच आई साडीचे काम घेऊन बसलेली असते: धागे कापायचे, टिकल्या चिकटवायच्या, नगावर पैसे मिळवायचे. पसरलेली साडी, कात्री, गोंद आणि झोपलेला माणूस यांच्या मधल्या जागेत तीन वर्षांचे मूल असते. ‘गप बस, पप्पा झोपलेत.’ दाराबाहेर गल्लीभर दुचाक्या लावलेल्या असतात आणि त्यांच्यामधून कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेला टेम्पो मागे मागे येत असतो. ‘बाहेर जाऊ नको, गाडी येईल.’ मग हातात मोबाइल येतो. ‘मोबाइल काढून घ्या’ असा सल्ला देणाऱ्यांनी या खोलीत एक दुपार काढावी. त्यांच्याशी यापेक्षा जास्त वाद घालायची गरज नाही. ‘आमच्या वेळी आम्ही दिवसभर उंडारायचो’ म्हणणाऱ्यांनाही एवढेच सांगावे, की ती गल्ली आता राहिलेली नाही.

खरा वाद घालायला हवा तो तिसऱ्या मताशी, कारण ते शहाणपणाचे वाटते आणि झपाट्याने पसरते आहे. हे मत म्हणते: मुलाला क्लासला घाला. स्केटिंग, कराटे, जिम्नॅस्टिक्स, काहीही. तिथे शिक्षक असतो, गादी असते, वेळ ठरलेली असते. मूल हलतेही आणि सुरक्षितही राहते. वेसू, पाल, अडाजणमध्ये चार वर्षांच्या मुलांचे असे क्लास भरतात आणि ते परवडत नाहीत याची खंत आता लिंबायतमधल्या आईलाही वाटू लागली आहे. म्हणून हे मत नीट तपासले पाहिजे.

आधी साधा हिशेब पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाला किमान १८० मिनिटे हालचाल हवी. ती दिवसभरात विभागलेली हवी आणि तिच्यातली किमान ६० मिनिटे दम लागेल अशी हवी. आठवड्याची १,२६० मिनिटे झाली. पाऊण तासाचा क्लास आठवड्यातून तीनदा, म्हणजे १३५ मिनिटे. तीही कागदावर. ज्याने असा क्लास दाराशी उभे राहून पाहिला आहे, त्याला ठाऊक असते की वीस मुलांच्या रांगेत आपली पाळी येईपर्यंत मूल उभेच असते. क्लासने गरजेचा दहावा हिस्साही पुरा होत नाही, आणि उरलेले नऊ हिस्से भागले असे समाधान मात्र आईबापांना मिळते. माझा पहिला आक्षेप या समाधानावर आहे.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. क्लासमध्ये किती उंचावरून उडी मारायची हे शिक्षक ठरवतो. लहान मुलाला शिकायचे असते ते नेमके हेच ठरवणे. न्यूयॉर्क विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुले मोकळ्या खेळात तासाला सरासरी २,३६८ पावले टाकत आणि १७ वेळा पडत. सतरा वेळा पडून मूल पुन्हा उठते आणि चालते. त्या पडण्यातूनच पाय कुठे टाकावा, तोल कुठे जातो, हे त्याच्या अंगात मुरते. ‘धावू नको, पडशील’ म्हणून आपण जे थांबवतो, ते हे शिकणे असते.

यावर क्लासवाले म्हणतील, की पडू द्या म्हणणे सोपे आहे, पडल्यावर दवाखाना कोण करणार? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एक भेद स्पष्ट केल्याशिवाय देता येत नाही, आणि हा सगळा लेख त्या भेदासाठीच आहे. लहान मुलासमोर दोन प्रकारचे धोके असतात. एक त्याला दिसणारा: ओट्याची उंची, घसरगुंडीचा उतार, वाळूचा ढीग, झाडाची खालची फांदी. मूल तिथे थबकते, अंदाज घेते, बसून उतरते किंवा परत फिरते. दुसरा त्याला न दिसणारा: साचलेल्या पाण्याखालचे गटाराचे तोंड, मागे येणारा टेम्पो, गंजलेला झोक्याचा बोल्ट, उन्हात तापलेली पत्र्याची घसरगुंडी. इथे अंदाज घ्यायला मुलाजवळ काही साधनच नसते. पहिला धोका मुलाचा आहे, त्याच्याकडेच राहू द्यावा. दुसरा पूर्णपणे मोठ्यांचा आहे.

आपण नेमके उलटे करतो. ओट्यावरून उडी मारणाऱ्या पोराला ओढून घेतो आणि गटाराच्या तुटलेल्या झाकणाजवळून रोज जातो-येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरतेच्या वरियावमध्ये आईबरोबर बाजारात आलेले दोन वर्षांचे मूल गटाराच्या उघड्या तोंडातून आत पडले आणि गेले. देखरेख म्हणजेच सुरक्षितता, हे ज्यांना वाटते त्यांनी या घटनेकडे पाहावे. देखरेख तिथे होती. आई बरोबर होती. झाकण नव्हते. आणि छप्पर, शिक्षक, ठरलेली वेळ म्हणजे सुरक्षितता, असे वाटत असेल तर २४ मे २०१९ ला सरथाणाच्या तक्षशिला इमारतीतल्या क्लासमध्ये आगीत २२ विद्यार्थी गेले, हे सुरतेने विसरू नये. ती मुले मोठी होती, पण तिथला धोका त्यांनाही न दिसणाराच होता.

हा भेद काटेकोर नाही, हे मान्य. दोन वर्षांच्या मुलाला जे दिसत नाही ते पाच वर्षांच्याला दिसते. दिसणारा धोका क्षणात न दिसणारा होतो, असेही घडते. उत्तरायणात गच्चीवर पतंगाकडे डोळे लावून मागे सरकणाऱ्या मुलाला गच्चीची कड दिसत नाही, एरवी ती त्याला पक्की ठाऊक असली तरी. म्हणून कठडा उंच करणे हे मोठ्यांचे काम आहे, मुलाला दटावणे हा त्यावरचा उपाय नाही. पाण्याचेही तसेच. खोली वरून कळत नाही, म्हणून पोहणे शिकवायलाच हवे आणि तरीही पाण्याजवळ मोठ्याचा हात हवाच. सुरतेच्या मिठी खाडीला पावसाळ्यात पाणी चढते तेव्हा तर वाद घालायला जागाच नाही. पण या अपवादांनी भेद मोडत नाही. प्रत्येक ठिकाणी विचारायचा प्रश्न तोच राहतो: हे मुलाला दिसते का?

हा प्रश्न धरून चालले की जबाबदारी घरातून रस्त्यावर येते आणि तिथून महापालिकेकडे जाते. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्यात योजनेतली पाच टक्के जमीन बागा, मैदाने आणि मोकळ्या जागांसाठी ठेवण्याची तरतूद आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान असावे असे लिहिले आहे. पण तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे. तीन ते सहा वर्षांचे मूल, म्हणजे ज्या तीन-चार वर्षांच्याला १८० मिनिटे हवीत तेही, त्याच्या बाहेर राहते. त्याच्या वाट्याला अंगणवाडी येते, आणि शहरात अनेकदा तीही भाड्याच्या खोलीत. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून महाराष्ट्रात परतल्या आणि १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा बालशिक्षण मुलांच्या दारापर्यंत, मोकळ्या अंगणात गेले. गुजराती आणि मराठी माणसांनी मिळून उभारलेला हा वारसा आहे. त्यातली खोली आपण ठेवली आणि अंगण सोडून दिले.

करायचे काय, हे अवघड नाही. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा, त्यांत मराठी माध्यमाच्याही आल्या, संध्याकाळी आपली पटांगणे लहान मुलांसाठी उघडू शकतात. एका कोपऱ्यात वाळूचा खड्डा, दोन-तीन ओंडके, चढायला मातीचा उंचवटा, आणि वर सावली. प्रत्येक प्रभागात पावसाळ्याआधी गटारांची झाकणे मोजून बसवता येतात. १९९४ च्या प्लेगनंतर या शहराने रस्ते कसे झाडून काढले, हे नव्याने सांगायला नको. जे शहर कचरा उचलू शकले, त्याला झाकणे बसवणे कठीण नाही.

एक काम मात्र महापालिकेची वाट न पाहता होण्यासारखे आहे, आणि ते लिंबायत-डिंडोलीतल्या आपल्या मराठी गणेश मंडळांनी करावे. मांडवासाठी आपण गल्ली दहा दिवस बंद ठेवतो. दुचाक्या हलतात, टेम्पो दुसरीकडून जातात, कोणाचे अडत नाही. वर्षभर रोज संध्याकाळी तीच गल्ली एक तास गाड्यांना बंद करा. मंडळाचे दोन कार्यकर्ते गल्लीच्या दोन तोंडांवर उभे राहोत, मधल्या जागेत मुले धावोत, चढोत, पडोत. त्यांना शिकवायला कोणी जाऊ नये. मोठ्यांनी फक्त गाडी अडवावी आणि झाकण पाहावे. बाकीचे मुलांना कळते.