भरलेले धरण कोणाचे?

वैशाखात आसपासचे ओढे आटलेले असताना खडवलीला भातसा नदी वाहताना दिसते. हे पाणी मात्र मुंबईसाठी शहापूर तालुक्यातील धरणातून सोडलेले असते. नदीच्या पात्रातूनच ते पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत जाते व तेथे उचलले जाते. मुंबईच्या सात जलाशयांतील १४,४७,३६३ दशलक्ष लिटर साठ्यापैकी जवळजवळ निम्मा एकट्या भातसाचा. धरण राज्य शासनाचे. सिंचन, वीज व पिण्याचे पाणी हे तिन्ही भार त्याच्या माथी आहेत.

पिण्याला अग्रक्रम, यावर दुमत नाही. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत त्यानंतर उद्योग व मग शेती होती. २०११ साली शेती पुढे आली. परंतु 'पिण्याचे पाणी' या शब्दातच मेख आहे. महानगरात मोटार धुण्याचे पाणीही त्याच खात्यावर पडते, आणि १८९२ पासून मुंबईला तानसाचे पाणी देणाऱ्या शहापूर तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. बहुसंख्यांचे हित हाच निकष मानला, तर शहर दरवेळी जिंकणार. डोकी तिथेच अधिक. प्रत्येकाची पहिली घागर समान मानावी, दुसरीचा वाद त्यानंतर करावा. (योसेफाने धान्य साठवून मिसर देश वाचवला, हे आपण आवडीने सांगतो, पण त्याच धान्यासाठी लोकांनी पुढे जमिनी आणि स्वतःलाही विकले, हा उत्पत्तीच्या ४७ व्या अध्यायातील भाग सहसा कोणी वाचत नाही.)

पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो. धरण लवकर भरून ठेवले तर शहर निश्चिंत. पण मागाहून मुसळधार कोसळली की दरवाजे उघडावे लागतात आणि वासिंद, खडवलीच्या काठावरील माणसाच्या दारात पाणी येते. जागा रिकामी राखावी, तर पाऊस दगा देण्याची भीती. ही जोखीम कोणी उचलावी? माझ्या मते शहराने. टंचाई वाटून घेता येते. २०२३ व २०२४ साली मुंबईने दहा टक्के कपात सोसली. पूर वाटून घेता येत नाही, तो काठावरच्याच घरात शिरतो.

यावर एक आक्षेप खरा आहे. कपातीची झळ सर्वांना सारखी लागत नाही. इमारतीच्या टाकीत पाणी उरते, झोपडपट्टीतल्या सामायिक नळाखाली हंडा अर्धाच राहतो. म्हणून कपात सरसकट दहा टक्के न ठेवता जास्त वापरणाऱ्याकडे ती जास्त जावी. हे काम धरणावरच्या अभियंत्याचे नव्हे. त्याच्या हाती केवळ दरवाजे आहेत.