मार्जारसेवा

समदर्शी पंडिताचे लक्षण सांगताना भगवंतांनी गीतेच्या पाचव्या अध्यायात गाय, हत्ती व श्वान यांची नावे घेतली. मांजराचे घेतले नाही. स्मृतिकारांनी तर दांभिकालाच ‘बैडालव्रतिक’ म्हटले! तथापि उपलक्षणाने मांजरही त्या समदृष्टीत येतेच.

ही दृष्टी आचरणात उतरलेली रोम नगरात दिसते. तेथील तोर्रे आर्जेन्तिना चौकातील प्राचीन देवालयांच्या भग्नावशेषांत बेवारशी मांजरांचा आश्रम आहे. स्वयंसेवक तो चालवितात. इटलीच्या १९९१ च्या कायद्याने अशा मांजरांचा छळ निषिद्ध ठरविला आणि निर्बीजीकरणानंतर त्यांना त्यांच्याच समूहात सोडावे, असा नियम केला.

येथे शंका अशी की, शस्त्रक्रिया ही हिंसा नव्हे काय? शंका रास्त आहे. परंतु नुसते अन्न घातल्याने दात्याचे समाधान होते, आणि पिले मात्र वाढत जाऊन उपासमारीने व रोगाने मरतात. त्या मरणांचा भार दयेच्या कोणत्या खात्यात मांडावा? वैद्याच्या शस्त्राचा निर्णय हेतू व परिणाम पाहूनच करावा लागतो.

शिवाय ही सेवा फलाशेला जागाच ठेवीत नाही. रानटी झालेले मांजर अंगाला हात लावू देत नाही. पिंजरा उघडताच मागे न पाहता पळते. सेवकाच्या वाट्याला ओरखडा येतो, आणि दुसऱ्या दिवशी तो ठरल्या वेळी अन्न घेऊन पुन्हा तेथे उभा असतो.