आडनावाचे विशेषण होते तेव्हा

फ्लँडर्समधल्या रुपेलमोंड गावी 1512 साली जोडे शिवणाऱ्या एका गरीब कुटुंबात जेरार्ड जन्मला. घराण्याचे आडनाव द क्रेमर. क्रेमर म्हणजे किरकोळ माल विकणारा व्यापारी. शिकत्या वयात, त्या काळच्या विद्वानांच्या रीतीप्रमाणे, त्याने आडनावाचे लॅटिन रूप घेतले : मर्केटर. अर्थ तोच राहिला, प्रतिष्ठा तेवढी वाढली. इंग्रजांच्या कानावर हे नाव गेले ते याच रूपात. पुढे इंग्रजीत त्याला जे अर्थ चिकटले, त्यांचा व्यापाराशी काही संबंध नव्हता.

1569 मध्ये मर्केटरने डुइसबुर्गहून अठरा कागदांवर छापलेला जगाचा नकाशा काढला. तो दर्यावर्दींच्या उपयोगासाठी आहे, असे त्याने शीर्षकातच सांगितले होते. होकायंत्रावरची एकच दिशा धरून जहाज चालले, तर त्याची वाट या नकाशावर सरळ रेघेत येते. त्यासाठी रेखावृत्ते समांतर ठेवावी लागतात, आणि ध्रुवांकडे जाताना अक्षवृत्तांमधले अंतर वाढवत न्यावे लागते. साठ अंशांवर लांबी दुप्पट होते, क्षेत्रफळ चौपट. ते अंतर नेमके किती वाढवायचे, याचे गणित मात्र मर्केटरने दिले नाही.

ते दिले केंब्रिजच्या एडवर्ड राइटने. 1599 च्या आपल्या पुस्तकात त्याने त्याचे कोष्टक छापले. माझ्या मते, नकाशा खलाशाच्या हाती खऱ्या अर्थाने आला तो इथे. राइटचे हस्तलिखित पाहून नकाशाकार योडोकस होंडियसने त्याआधीच नकाशे छापले होते, आणि राइटने त्याबद्दल जाहीर संताप व्यक्त केला. तरीही इंग्रज नाविकांच्या बोलण्यात तो ‘मर्केटरचा नकाशा’च राहिला. श्रेयाचा हा अन्याय मला अजूनही खटकतो.

नावाची गंमत पुढेच आहे. राइटचे कोष्टक आणि लॉगॅरिदमची एक सारणी जुळतात, हे हेन्री बाँडच्या 1645 च्या सुमारास लक्षात आले. ते सिद्ध करण्यावर पैज लावणारा लंडनमधला गणिती होता निकोलस मर्केटर! जेरार्डशी त्याचे काही नाते नव्हते. त्याचे मूळ आडनाव काउफमान, म्हणजे तोही व्यापारीच. त्यानेही तसेच लॅटिन रूप घेतले होते. 1668 मध्ये जेम्स ग्रेगरीने ती सिद्धता दिली.

हळूहळू षष्ठी गळाली. गणिती लँबर्टने 1772 मध्ये प्रक्षेपण आडवे फिरवले. त्याला आज इंग्रजीत ‘ट्रान्सव्हर्स मर्केटर’ म्हणतात. तिथे मर्केटर हा माणूस उरत नाही, ते एका रीतीचे नाव होते. लुईस कॅरॉलच्या 1876 च्या स्नार्क नावाच्या काल्पनिक प्राण्यावरील विनोदी काव्यात हे नाव नकाशावरच्या निरर्थक रूढ चिन्हांसाठी येते. तोवर सामान्य इंग्रज वाचकाला ते समजावून सांगायची गरज नव्हती.

विसाव्या शतकात त्याच नावावर आरोप आला. शाळांच्या भिंतींवर हाच नकाशा टांगला गेला होता. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. आपला भारत ग्रीनलंडपेक्षा दीडपट मोठा, पण नकाशा पाहून कोणाला ते खरे वाटणार नाही. जर्मनीच्या आर्नो पीटर्सने 1973 मध्ये समक्षेत्र नकाशा पुढे केला, आणि इंग्रजीतल्या वादांत ‘मर्केटर’ म्हणजे युरोपची मिजास असा अर्थ रुजू लागला. आफ्रिकेला लहान दाखवल्याच्या तक्रारीत तथ्य आहे, आणि ती मनापासून ऐकायला हवी. पण दोष मर्केटरवर ढकलणे चूक आहे. जहाजावरचे साधन वर्गातल्या भिंतीवर त्याने लावले नाही. ते लावणाऱ्यांनी शीर्षक वाचले नव्हते.

2005 पासून गूगल मॅप्समुळे ‘वेब मर्केटर’ असा आणखी एक प्रयोग रूढ झाला. संगणकाच्या पडद्यावर तिथे 2018 पासून पूर्ण जग पाहताना गोल दिसतो, पण रस्ता शोधताना आजही हीच रीत कामाला येते. कारण छोट्या भागात ती कोन बिघडवत नाही : गल्लीचे वळण काटकोनात असेल, तर पडद्यावरही काटकोनातच दिसते.