मगरवाला

मृग लागायच्या आत सरकी घ्यायची म्हणून बदनापूरकडच्या एका खेड्यातले आबा नातवाला घेऊन जालन्याला आले होते. नातू बारावीतला. त्याचं येणं सरकीसाठी नव्हतंच. आतेभावाचं लग्न आठवड्यावर आलं होतं आणि त्याला टी-शर्ट हवा होता. छातीवर मगर असलेलाच.

जालना हे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथं महिको उभी केली आणि पुढं एकामागून एक कंपन्या येत गेल्या. जूनमध्ये बियाण्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. काउंटरवर पिशव्यांची चळत, प्रत्येकीवर फुटलेल्या बोंडांचा पांढराशुभ्र फोटो. आबांनी फोटोकडं ढुंकूनही पाहिलं नाही. 475 ग्रॅमची पिशवी उलटी केली, चष्मा पुसला आणि मागची बारीक अक्षरं वाचत उभे राहिले. लॉट नंबर काय, उगवणशक्ती किती टक्के, तपासणी कधीची, मुदत कुठवर. मागची गर्दी कुरकुरायला लागली तरी त्यांचं बोट ओळीवरून हललं नाही. मग पावती मागितली, तिच्यावर लॉट नंबर लिहून घेतला आणि नातवाला म्हणाले, "पिशवी फेकायची नाही, टॅग हरवायचा नाही. कापूस घरात येईपर्यंत चिमूटभर दाणेसुद्धा बाजूला ठेवायचे."

पोरगं काही बुद्दू नव्हतं. "आबा, तुम्हाला सरकी ठरलेल्या कंपनीचीच लागते. मग मी मगर मागितली तर माझंच चुकतं व्हय?"

"कंपनी पाहूनच घेतो की. दाणा बघून काय कळतंय? नाही उगवला तर कुणाच्या दारात जायचं, ते या नावावरून कळतं."

निघताना दुकानदारानं आबांच्या हातात एक टी-शर्ट ठेवला. हिरवागार, आणि पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत कंपनीचं नाव. आमच्याकडं हे नवं नाही. टोप्या, पिशव्या, टी-शर्ट, कंपन्या हंगामात वाटत असतात आणि गावातली निम्मी माणसं वर्षभर कुठल्या ना कुठल्या वाणाचं नाव अंगावर घेऊन हिंडतात. नातवानं घडी उलगडली आणि नाक मुरडलं. "हे कोण घालणार? चालतीबोलती जाहिरात!" आबांनी तो फवारणीच्या वेळी घालायला म्हणून पिशवीत टाकला.

पुढं फुटपाथवर मगरींचा ढीग होता. अडीचशेला एक. नातवानं मरून रंगाचा उचलला. आबांनी तो उलटा केला, शिवण ताणून बघितली, आतून लोंबणारा दोरा बोटाला गुंडाळला आणि विचारलं, "पावती?"

विकणारा हसला. "काका, फुटपाथवर कसली पावती?"

"मग उसवला तर?"

"दुसरा घ्यायचा!"

आबा नातवाकडं वळले. "सरकीवाल्यानं पाठीवर नाव मिरवायला सदरा फुकट दिला, तो तुला नको. यांची मगर मिरवायला आपणच पैसे द्यायचे. मला फक्त हिशेब सांग."

हिशेब काही आला नाही. पोरगं टी-शर्ट छातीशी धरून उभं राहिलं, तेव्हा आबांनी मुकाट्यानं अडीचशे मोजले. हट्टाला पेटलेल्या पोराला भर बाजारात समजवायला जाऊ नये असं त्यांचं मत होतं. माझंही आहे.

मगरीला दोष द्यायचं कारण नाही. रने लाकोस्त हा फ्रान्सचा टेनिसपटू. लोक त्याला मगर म्हणायचे. एका मित्रानं चित्र काढून दिलं आणि यानं ते हौसेनं स्वतःच्या कोटावर भरतकाम करून घेतलं. 1933 मध्ये त्यानं सदऱ्यांची कंपनी काढली आणि एका माणसाचं टोपणनाव जगाच्या छातीवर गेलं. त्याच्या अंगावर ती शोभायची, कारण ती त्याची होती.

जाता जाता आबांनी टेलर चाचांकडून स्वतःचा सदरा घेतला. पांढरा, बिनखुणेचा. चाचा म्हणाले, "आत दोन बोटं माया ठेवलीय. पोट सुटलं तरी उसवून मोठा करून देईन." मग त्यांची नजर नातवाच्या हातातल्या टी-शर्टवर गेली. खदाखदा हसत त्यांनी काउंटरखालून बिस्किटांचा डबा काढला. आत मगरीच मगरी, डझनावारी आणलेल्या. कॉलेजची पोरं साधे शर्ट घेऊन येत आणि वीस रुपयांत मगर शिवून नेत. "मी आधी विचारतो, कोणत्या तोंडाची पाह्यजे? डावीकडं बघणारी का उजवीकडं? काही पोरं ऐनवेळी मोबाइल काढून बघतात." खऱ्या कंपन्यांमध्येही याच प्राण्यावरून जुंपली होती. लाकोस्तची मगर उजवीकडं बघते, सिंगापूरच्या क्रोकोडाइल कंपनीची डावीकडं. दिल्ली उच्च न्यायालयानं 2024 मध्ये लाकोस्तच्या बाजूनं निकाल दिला. चाचांच्या डब्यात मात्र दोन्ही गुण्यागोविंदानं नांदत होत्या.

लग्नात पोरगं मगर घालून गेलं. केटररच्या पोरांचे टी-शर्टही नेमके मरून निघाले, आणि त्यांच्याही छातीवर डाव्या बाजूला छोटंसं चिन्ह. पहिल्या पंगतीतून हाक आली, "ए पोरा, इकडं बुंदी राहिली!" यानं मागं वळून पाहिलं, हाक त्यालाच होती. "मी पाहुणा हाय," तो म्हणाला. पलीकडून एक आजीबाई पाणी मागू लागल्या. तिसरे एक मामा तर चिडलेच, "मालकाला सांगू का तुझ्या? नुसता उभा राहतोय!" आता कितीजणांना नातं सांगत बसणार? त्यानं वरणाची बादली उचलली आणि सगळी पंगत वाढली. आबांच्या पानाशी आला तेव्हा त्यांनी भाताचं आळं करून दिलं आणि शांतपणे म्हणाले, "बेतानं घाला हं, मगरवाले."

दुसऱ्या धुण्यात टी-शर्ट बगलेत उसवला. फुटपाथवर तो विकणारा नव्हता. त्या जागी छत्र्या लागल्या होत्या.

पोळ्याच्या आधी नातू एकटाच चाचांकडं गेला, काखेत साधं सुती कापड. चाचांनी सवयीनं डब्याला हात घातला. "कोणत्या तोंडाची?"

"कोणतीच नको. माया किती ठेवता?"

"दोन बोटं. तुझं अंग अजून भरायचंय, तीन ठेवतो."

"आणि पावती?"

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांनी आयुष्यात कुणाला पावती दिली नव्हती. "पावती कशाला रे? उसवला तर घेऊन ये, मी इथंच बसलेला असतो. हां, हात वर कर."