प्रसूतिवैराग्य

आपल्याकडे वैराग्याचे तीन अल्पायुषी प्रकार सांगण्याचा प्रघात आहे: पुराण ऐकताना येणारे पुराणवैराग्य, चितेसमोर उभे असताना येणारे स्मशानवैराग्य आणि कळा सोसताना स्त्रीच्या मनात उत्पन्न होणारे प्रसूतिवैराग्य. तिन्हींचा उल्लेख होतो तो त्यांच्या क्षणभंगुरतेची थट्टा करण्यासाठीच. परंतु या थट्टेतही एक पंक्तिप्रपंच आहे, आणि तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. स्मशानातून उठलेल्या वैराग्याने धर्म स्थापिले, दर्शने रचिली, राजपुत्रांकडून राज्यत्याग करविला. पुराणवैराग्याने निदान पुराणिकांचा चरितार्थ तरी चालविला. प्रसूतिवैराग्याच्या खाती मात्र बाळंतिणीच्या बोलण्याला हसण्यापलीकडे काहीच जमा झालेले दिसत नाही.

या वैराग्याचा विचार पुन्हा करावासा वाटतो तो परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या मुलींमुळे. अठरा-एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी प्रथमच प्रसूतिकक्षात उभी राहते तेव्हा पुस्तकी ज्ञानाच्या बाबतीत ती काही रिक्तहस्त नसते. गर्भाशयाचे मुख दहा सेंटीमीटर उघडते, पहिलटकरणीला वेळ अधिक लागतो, मूल बाहेर आल्यावर वार पडेपर्यंत निष्काळजी राहून चालत नाही, हे सर्व तिला मुखोद्गत असते. आणि तरीही, भिंतीला टेकून उभी असताना, जिचे नावही तिने केवळ केसपेपरवर वाचले आहे अशा एका परक्या बाईचा आक्रोश कानी पडताच ते दहा सेंटीमीटर कोठल्या कोठे जातात. कोणी घेरी येऊन खाली बसते. कोणाला रक्त आणि पाणी यांच्या वासाने मळमळते, व त्या मळमळीची लगोलग लाज वाटते. कोणी मनाशी, तर कोणी उघडपणे, ‘आपण लग्नच करायचे नाही’ असा निश्चय करते, म्हणजे दुसरीच्या कळांवर स्वतःचे प्रसूतिवैराग्य उभारते. मग मूल रडते, आणि तीच मुलगी, स्वतःलाही कारण सांगता येऊ नये अशा रीतीने, हसता हसता रडू लागते. संध्याकाळी वसतिगृहातून घरी फोन जातो तो आईला. आणि पुष्कळदा त्या फोनवर विशेष असे काही बोलले जात नाही. अलीकडे परिचर्येचे शिक्षण मुलगेही घेतात; त्यांतील जे बाहेर येऊन बराच वेळ गप्प राहतात, त्यांचे मौनही याच सदरात घालावे लागेल.

या संमिश्र अवस्थेला मनाचा दुबळेपणा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, आणि ‘सृष्टीचा चमत्कार’ म्हणून तिच्यावर फुले उधळणे त्याहूनही सोपे आहे. मला मात्र ती एक साक्ष वाटते, आणि तीही अशा साक्षीदाराची, जो आपल्या तत्त्वचिंतनाच्या दरबारात आजवर कधी रुजूच झालेला नव्हता. प्रसूतीच्या वेळी जवळ कोणत्या स्त्रिया असाव्यात हे चरकाने शारीरस्थानात सांगितले आहे: अनेकदा प्रसूत झालेल्या, स्नेहाळ, धीर देणाऱ्या, कामात निपुण. म्हणजे सूतिकागारात प्रवेश होता तो अनुभव घेतलेल्यांना. जिने स्वतः काही सोसलेले नाही, जिचे त्या घराशी सोयर नाही आणि सुतकही नाही, अशी अविवाहित तरुणी तेथे केवळ पाहण्यासाठी आणि शिकण्यासाठी उभी राहावी, ही गोष्ट आधुनिक रुग्णालयानेच शक्य केली. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात उभारलेल्या सेवासदनाने विधवांना परिचारिकेच्या कामाची वाट मोकळी करून दिली. ओटीभरणाच्या प्रसंगी जिने समोर येऊ नये असा दंडक होता, तीच स्त्री नवजात जीवाला प्रथम हाती घेऊ लागली. या घटनेतील धर्मक्रांतीची नोंद आपल्या इतिहासकारांनी जितक्या ठळकपणे घ्यावयास हवी होती तितकी घेतलेली नाही.

आता परंपरेने जन्माविषयी काय म्हटले आहे ते पाहावे. ती गप्प मुळीच नाही. गर्भोपनिषदात नवव्या महिन्यातील गर्भाला पूर्वजन्म आठवतात आणि बाहेरचा वारा लागताच तो सारे विसरतो. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कपिलमुनी गर्भवासाच्या यातना विस्ताराने वर्णन करतात: अंग मुडपून, मस्तक वाकवून पडलेला जीव, त्याला डसणारे कृमी, आणि आईने खाल्लेल्या तिखट, खारट, आंबट पदार्थांनी त्याच्या कोवळ्या अंगाचा होणारा दाह. हे सर्व कपिल ज्या श्रोत्रीला सांगतात ती देवहूती, म्हणजे त्यांची स्वतःची आई; कपिलांपूर्वी तिला नऊ मुली झाल्या होत्या. दहा अपत्यांना जन्म दिलेल्या स्त्रीला तिचा मुलगा गर्भाशयाविषयी उपदेश करतो, त्यात आई येते ती तिच्या आहाराने मुलाला पोळणारी म्हणून, आणि ‘बाबा रे, तुझ्या वेळी मला काय झाले ते विचारशील काय?’ असा प्रश्न त्या माउलीच्या मुखी घालण्याची बुद्धी कोणाही ग्रंथकाराला होत नाही! मी भागवताची अवहेलना करीत नाही. तो वैराग्याचा उपदेश आहे, प्रसूतितंत्र नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण उपदेशासाठी कोणाचे दुःख निवडले गेले आणि कोणाचे वगळले गेले, हे पाहण्याचा अधिकार वाचकाला असतो.

बौद्ध परंपरेतही असेच घडले आहे. जरा, व्याधी, मृत्यू आणि संन्यासी अशी चार दृश्ये सिद्धार्थाच्या दृष्टीस पडली. त्यांत प्रसूती नाही. वास्तविक त्याची आई माया त्याच्या जन्मानंतर सातव्या दिवशी निवर्तली, आणि जातकाच्या निदानकथेप्रमाणे गृहत्यागाच्या दिवशीच त्याला पुत्र झाल्याची वार्ता आली. तो सूतिकागृहाच्या उंबरठ्यापर्यंत गेला, निजलेल्या पत्नीचा हात बाळाच्या मस्तकावर आहे हे त्याने पाहिले आणि तेथूनच परतला. जन्म हे दुःख आहे असे पुढे त्याने सांगितले, व ते खोटे नाही. परंतु त्या दुःखाचा भार प्रत्यक्षात कोणाच्या देहावर पडतो, हे उंबरठ्यावरून दिसत नाही.

विद्यार्थिनी उभी असते ती उंबरठ्याच्या आत. तिच्यासमोर जो जन्म घडतो त्यात एकाचे येणे दुसऱ्याच्या वेदनेवाचून शक्य नसते, आणि ती वेदना सोसणारी स्वेच्छेने आली आहे, नाइलाजाने, की सासरच्या हुकमाने, हेही पुष्कळदा कळत नाही. शिसारी, भय, संताप, करुणा आणि आनंद या पाचांना एकाच घटनेत एकाच वेळी जागा आहे, हे ज्ञान तिला जे होते ते कोणत्याही दर्शनाने तिला आधी सांगितलेले नसते. म्हणून मूल रडताच ती जेव्हा रडते, तेव्हा पूर्वीचा धसका विरून त्याचा आनंद झाला असे मी मानत नाही. दोन्ही तेथेच असतात, आणि एकाने दुसऱ्याची वजाबाकी होत नाही.

विटाळाच्या बाबतीत मात्र परंपरेच्या पोटात एक नाजूक विवेक दडलेला आहे. जननाशौच लागते ते नाळ छेदल्यानंतर. तत्पूर्वी नाही, म्हणूनच जातकर्म आणि दान त्या अवधीत करावे, असे धर्मशास्त्रकार सांगतात. मूल बाहेर आले आहे, नाळ अजून जोडलेली आहे, अशा त्या अल्प काळात शास्त्राच्या लेखीही कोणी अशुद्ध नाही. आजचे वैद्यकही नाळ लगेच न बांधता एक ते तीन मिनिटे थांबावे असे सांगते. त्याचे कारण अर्थात बाळाला मिळणारे रक्त हे आहे, पावित्र्य नव्हे. संतांनी तर याही पुढची मजल मारली. देहाला विटाळ मानणाऱ्यांना सोयराबाईने बजावले की विटाळावाचून देह उत्पन्नच झालेला नाही. आणि तिचे पती चोखोबा घरी नसताना विठ्ठल त्यांच्या बहिणीचे रूप घेऊन आला व त्याने सोयराबाईचे बाळंतपण केले, ही कथा वारकऱ्यांनी जिवापाड जपली. पुरुषरूपाने त्या खोलीत जाण्याची इजाजत देवालाही नव्हती, हे कथाकाराने ओळखले होते.

अनुभवी सिस्टर नवख्या मुलीला ‘होईल सवय’ असे सांगतात, आणि हाताला सवय व्हावयासच पाहिजे. थरथरत्या हाताचा बाळंतिणीला काय उपयोग? पण मुलींची एक तक्रार निराळ्या जातीची असते. कळा देणाऱ्या बाईवर कोणी खेकसते, तिच्या ओरडण्याची टवाळी करते, प्रसंगी मांडीवर चापटही मारते, आणि हे पाहून आलेला संताप वेदनेच्या दर्शनाने आलेल्या भयापेक्षा अधिक काळ टिकतो, असे अनेकजणी सांगतात. त्या संतापाची सवय होऊन तो नाहीसा व्हावा, असे मला वाटत नाही. तोंडी परीक्षेत प्रसूतीच्या अवस्था विचारतात. कळ नसताना जोर करू देऊ नये हेही विचारतात, आणि ते चरकातही आहे. मात्र त्याच अध्यायात त्याने बाळंतिणीभोवतीच्या स्त्रियांना जे प्रिय व धीराचे बोलणे नेमून दिले आहे, ते परीक्षकांच्या यादीतून गळून पडलेले आहे.